लिंक उघडत नाही, सर!

महोदय,

शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगते. प्रत्यक्षात तास मोजले जातात, विकास राहून जातो. वेबिनार असो, ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण पोर्टलवरचा कोर्स असो की तालुक्याच्या गावी भरलेली एकदिवसीय तंत्रज्ञान परिषद, शेवटी फीडबॅक फॉर्म येतो आणि पाठोपाठ ईमेलवर प्रमाणपत्र. कॅमेरा बंद ठेवून दुसऱ्या फोनवर पोषण आहाराची माहिती भरणाऱ्यालाही तेच प्रमाणपत्र मिळते. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. माहिती ‘आजच, त्वरित’ हवी असते.

म्हणून परिषदा फोल आहेत असे नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यामागे पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचे त्यांचे काम होते. तेव्हापासून जवळपास प्रत्येक परिषदेत क्यूआर कोडचे प्रात्यक्षिक असतेच. शिक्षक उत्साहाने शाळेत येऊन कोडचे कार्ड बनवतात, व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतात आणि तासाभरात उत्तर येते, ‘लिंक उघडत नाही, सर!’

याचे कारण बहुधा एकच असते. कोडमागची, गूगल ड्राइव्हवर चढवलेली फाइल आपसूक फक्त मालकालाच दिसते. बनवणाऱ्याच्या फोनवर त्याचेच खाते चालू असल्याने त्याला ती बिनदिक्कत उघडते, इतरांना मात्र ‘परवानगी मागा’ असा पडदा दिसतो. शेअरिंगमध्ये ‘लिंक असलेले कोणीही’ निवडावे आणि हक्क फक्त पाहण्याचा द्यावा. संपादनाचा दिला, तर दोन दिवसांत कोणीतरी चुकून अर्धा मजकूर पुसतो. मग ब्राउझरच्या इनकॉग्निटो टॅबमध्ये, म्हणजे आपले खाते चालू नसते तिथे, लिंक उघडून पाहावी. तिथे उघडली तर सगळीकडे उघडेल. दुसरी फसगत फुकट कोड बनवणाऱ्या काही साइट्सची. त्यांचा ‘डायनॅमिक’ कोड आधी त्यांच्याच सर्व्हरवर जातो आणि फुकट वापराची मुदत संपली की मरतो. कोड ‘स्टॅटिक’ घ्यावा. त्यात पत्ता थेट कोरलेला असतो, पण पत्ता लांब असेल तर चौकोन बारीक आणि दाट होतात, म्हणून छपाई किमान अडीच-तीन सेंटिमीटरची ठेवावी. भोवती चार चौकोनांइतकी पांढरी कड सोडावी. चकचकीत लॅमिनेशनवर खिडकीचा उजेड पडला की फोन तो कोड वाचत नाही. परिषदेच्या मंचावरून हे सांगितले जात नाही, कारण तिथले नेट चांगले असते आणि कोड पडद्यावर हातभर मोठा असतो.

असल्या अडचणी खरे तर शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सुटायला हव्यात. पण गटाची मर्यादा १०२४ सदस्यांपर्यंत वाढल्यापासून गटांचे बाजार झाले आहेत. शुभ सकाळ, वाढदिवस, प्रपत्रे, निवृत्तीचे अभिनंदन आणि मधेच कुठेतरी एक चांगला स्वाध्याय. तोही नाव खोडून पुढे ढकललेला, त्यामुळे तो कोणी बनवला, कोणत्या वर्गावर चालला, हे विचारायला माणूसच उरत नाही. उपाय साधा आहे. प्रशासकीय सूचनांचा गट वेगळा ठेवावा आणि पाठांचा गट एका इयत्तेचा, एका विषयाचा, दहा-बारा जणांचा असावा. फाइलच्या नावात इयत्ता, घटक, बनवणाऱ्याचे नाव आणि महिना यावा. गटावर आलेली फाइल वेळेत उतरवून घेतली नाही तर ती सर्व्हरवरून जाते, म्हणून कामाची प्रत सामायिक ड्राइव्हमध्ये ठेवावी.

प्रश्न कसा विचारला यावर बरेच अवलंबून असते. ‘चौथीच्या वजाबाकीचे काही असेल तर पाठवा’ म्हटले की वीस पीडीएफ येऊन पडतात, एकही कोणी उघडत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहावे: ‘५२ वजा २७ करताना बरीच मुले ३५ लिहितात. दहा काड्यांची जुडी सुटी करून दिली की तीच मुले बरोबर २५ सांगतात, चूक फक्त वहीत होते.’ आता उत्तर देणाऱ्याला दिसते की मुले एककाच्या घरात मोठ्यातून लहान अंक वजा करत आहेत. काडी त्यांना कळली आहे, लेखन जोडले गेलेले नाही. मग कोणीतरी सुचवते की जुडी सोडताक्षणी थांबावे, ५ खोडून ४ लिहून घ्यावे, २ च्या जागी १२ लिहून घ्यावे आणि मगच पुढची काडी उचलू द्यावी.

हे दीड मिनिटाच्या व्हिडिओतही दाखवता येते. फोन असा ठेवावा की खिडकी कॅमेऱ्याच्या मागे राहील, नाहीतर फळा काळाठिक्कर दिसतो. चित्रण थोडा वेळ पंखा बंद ठेवून करावे आणि इअरफोनचा माइक वापरावा. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. एरवी व्हॉट्सअ‍ॅप तो इतका दाबतो की खडूचे अंक पुसट होतात. चौकटीत मुलांचे हात आणि वही घ्यावी, चेहरे नकोत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे, आणि कायदा नसता तरी पहिलीतल्या पोराचा चुकलेला पाढा अनोळखी हजारभर लोकांनी का पाहावा?

केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना एकच विनंती. दरमहा भरणाऱ्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत परिपत्रकांचे वाचन बंद करावे. ती आदल्या दिवशीच सर्वांच्या फोनवर आलेली असतात. त्या वेळातली पहिली ४० मिनिटे दोन शिक्षकांना द्यावीत. महिनाभरात वर्गात वापरून पाहिलेली एक गोष्ट त्यांनी दाखवावी आणि मुलांच्या तीन वह्या सोबत आणाव्यात: एक जमलेली, एक अर्धवट, एक फसलेली. फसलेली वही आणणाऱ्याला मात्र शेरा मिळू नये, नाहीतर पुढच्या महिन्यापासून तिन्ही वह्या जमलेल्याच येतील.

– काही प्राथमिक शिक्षक, सातारा जिल्हा