ती जागा पडीक नाही

प्रति,
संपादक महोदय,
स. न.

मंगल कार्यालयाच्या वाहनतळाची आपली कालची बातमी वाचली. ज्या आमच्या गल्लीलगतच्या जागेवर तो होणार, तिला त्यात ‘पडीक भूखंड’ म्हटले आहे. तो शब्द रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून सकाळी लिहायला बसले. ती जागा पडीक नाही. विकास आराखड्यात तिच्यावर बगीचाचे आरक्षण आहे. बगीचा झाला नाही हे खरे. पण तिथे दहा गुंठे उघडी माती आहे, दोन लिंब आहेत आणि पावसाचे पाणी मुरवायला आम्ही स्वतः खणलेले तीन खड्डे आहेत. मे महिन्यात फोटो काढला तर लातुरातली कुठली जागा हिरवी दिसणार?

जागा कार्यालयाच्या मालकांनी विकत घेतली आहे, त्याला कोणाची हरकत नाही. पण घेतली तेव्हाही आरक्षण होतेच, आणि झोन दाखला काढला तेव्हा ते त्यांना कळलेही असणार. आता ते उठवून तिथे गट्टू बसवायचे आणि गाड्या लावायच्या, असा हा प्रस्ताव आहे.

2016 साली माझ्या मुलीचे लग्न याच कार्यालयात ठरले होते, एप्रिलअखेरीस. बयाणा दिला, पत्रिका छापून आल्या, बस्ताही झाला. धनेगावचे मांजरा धरण तेव्हा कोरडे पडलेले. शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. लग्नाला तीन आठवडे असताना कार्यालयातून निरोप आला की बोअर आटला आहे, पाण्याचे तुमचे तुम्ही बघा, निदान तीन टँकर लागतील. माझ्या यजमानांनी चार दिवस टँकरवाल्यांकडे खेटे घातले. ज्या शहरात शेजारीण हंडाभर पाण्यासाठी रात्री दोन वाजता उठते, तिथे आपण पाचशे माणसांना जेवायला कसे बोलवायचे, हे शेवटी त्यांनाच सहन होईना. लग्न सोलापूरला व्याह्यांच्या दारी लागले. आमची निम्मी गल्ली येऊ शकली नाही. सासूबाईंना प्रवास झेपणारा नव्हता. ज्या नातीला त्यांनी अंगाखांद्यावर वाढवले तिच्या अक्षता त्यांना टाकता आल्या नाहीत, आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. बयाणा पूर्ण परत मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पाणी नव्हते हा कार्यालयाचा दोष नव्हता, हेही मी तेव्हापासून म्हणत आले आहे. पण पाणी नसले की लग्न मोडीत निघते, हे त्यांनीही त्या वर्षी पाहिले आहे. मग तेच लोक पाणी मुरायची जागा फरशीखाली घालायला कसे निघाले?

त्याच 2016 च्या मे महिन्यात खड्डे खणायला गल्लीने वर्गणी काढली. जागा तेव्हा एका शेतकऱ्याची होती, त्यांनी आनंदाने होकार दिला. काळी माती एकदा भिजून फुगली की वरचे पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणले, सहा-सहा फूट. खाली दगडगोटे, मग खडी, वर वाळू. खालच्या काळ्या पाषाणाच्या फटींत जेवढे उतरते तेवढेच आमच्या बोअरना मिळते. त्या साली पुढे पाऊसही भरपूर झाला, त्यामुळे सगळे श्रेय खड्ड्यांना देणार नाही. पण पूर्वी मार्चमध्ये थांबणारा आमचा बोअर आता मेच्या मध्यापर्यंत चालतो.

मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, म्हणून हिशेब केला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा गुंठे म्हणजे सुमारे 1000 चौरस मीटर. वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला तर त्या जागेवर सात लाख लिटर पाणी पडते. त्या टंचाईत मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वेगाडी आली तिला 10 डबे होते आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. पडलेले सगळे मुरत नाही, काही वाहते, काही उडून जाते, हे मला कळते. पण गट्टूंखाली त्यातले किती मुरणार?

गाड्यांचा त्रास आम्हालाही आहे. लग्नतिथीला आमच्या फाटकासमोर चारचाकी उभी असते आणि मालक पंगतीत असतो. पण या कार्यालयाला तळघर आहे आणि मंजूर नकाशात ते वाहनतळ म्हणून दाखवलेले आहे. तिथे आज जेवणाच्या पंगती बसतात. मागच्या वर्षी जावेच्या भाचीच्या लग्नात मी स्वतः तिथे जेवले. आधी ते तळघर गाड्यांसाठी मोकळे करा, मग जागा कमी पडते म्हणा.

आणखी एक. आरक्षण उठवण्याच्या या प्रस्तावाची, नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खालची सूचना आपल्याच अंकात आतल्या पानावर आली होती. इतक्या बारीक अक्षरात, की मला भिंग घ्यावे लागले. गल्लीचे नाव नाही, नुसता गट क्रमांक. लोकांना हरकतीसाठी एक महिना मिळतो. त्यातले बारा दिवस आमच्यापैकी कोणाला पत्ताच नव्हता. जाहिरात जशी दिली तशी आपण छापली असेल, पण बातमी तर आपली होती! तिच्यात हरकतीची मुदत दोन ओळींत सांगता आली असती. ती आता तरी मोठ्या अक्षरात छापावी, ही विनंती.

माझी हरकत मी सोमवारी लेखी देणार आहे. गल्लीतल्या चौदा घरांच्या सह्या झाल्या आहेत, उरलेल्या दोन घरांची माणसे गावाहून परवा येतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, लातूर