निळ्या घरातून, लाल शर्टाविषयी

वॉल्टन, लिव्हरपूल
२० मे २०२५

प्रिय बंड्या,

रविवारपासून तुझे एकोणतीस मेसेज आले. त्यातले वीस तरी लिव्हरपूलच्या लाल शर्टाबद्दल, बाकीचे क्लब सोडून चाललेल्या ट्रेंटला शिव्या. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. आईला वाचून दाखवशील तेव्हा फुटबॉल गाळ. तिच्यासाठी एवढंच की मी बरी आहे, नाइट ड्यूटी संपल्या आणि थंडी गेली. बाबांना सगळं वाचू दे.

शर्ट मिळेल. त्याआधी एक कबुली, आणि ती तुझ्या ग्रुपवर जाता कामा नये. मी निळी झालेय, म्हणजे एव्हर्टनची.

आता आरडाओरडा संपला असेल तर ऐक. तू तिथे बसून एव्हर्टनला ‘ती दुसरी टीम’ म्हणतोस. मी त्या दुसऱ्या टीमच्या मैदानापासून चार गल्ल्यांवर राहते. आमच्या घरमालकीणबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, जन्मापासून निळ्या. त्यांचे नवरे लाल होते, वारून सहा वर्षं झाली. थोरला मुलगा आईवर गेला, धाकटा बापावर. जिन्याच्या कठड्याला निळा मफलर बांधलाय, नवऱ्याच्या फोटोला लाल. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, या घरात काहीतरी वाद आहे. होताच. चाळीस वर्षं चाललाय आणि कुणालाच तो मिटवायचा नाहीये.

तुला एक गोष्ट माहीत नसणार, कारण तुमच्या चॅनेलवर ती कुणी सांगत नाही. अ‍ॅनफील्ड मुळात एव्हर्टनचं मैदान. १८९१ साली त्यांनी पहिली लीग जिंकली ती तिथे खेळत असताना. जागेचा कारभार जॉन हौल्डिंग नावाच्या दारूभट्टीवाल्याच्या हाती होता. त्याच्याशी भाड्यावरून बिनसलं आणि १८९२ मध्ये एव्हर्टनवाले सामान उचलून बागेच्या पलीकडे, गुडिसन पार्कला गेले. हौल्डिंगच्या हातात राहिलं रिकामं मैदान. मग त्याने त्यात खेळायला नवीन क्लब काढला. तोच तुझा लिव्हरपूल. बाई म्हणतात, ‘आम्ही भाडं देईना म्हणून हे लोक जन्माला आले.’ त्यांनी दोन वर्षांत माझं भाडं एका पौंडानेही वाढवलं नाही. कारण विचारलं तर म्हणाल्या, भाडं वाढवलं की काय होतं ते या भागाने पाहिलंय.

बारा फेब्रुवारीची डर्बी तू रात्री एक वाजता बाबांच्या भीतीने आवाज बंद करून पाहिलीस. मी ती कशी पाहिली ते सांगते. गुडिसनवरची ही शेवटची डर्बी, म्हणजे गावातल्या दोन टीमची आपसातली मॅच. डिसेंबरातच व्हायची, वादळामुळे पुढे ढकलली होती. थोरल्याकडे तिकीट होतं, पण आईला एकटं सोडायचं नाही म्हणून त्याने ते मित्राला दिलं आणि घरी आला. अजून पस्तावतोय. धाकटाही आला. सोफ्याच्या एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा, मध्ये मी, बाई आपल्या खुर्चीत. बेटोने गोल केला, थोरला उडाला. पाच मिनिटांत मॅक अ‍ॅलिस्टर, धाकटा उडाला. दुसऱ्या हाफमध्ये सालाहने २-१ केलं आणि थोरल्याने टीमच्या निवडीवर बोलायला सुरुवात केली. हरायला लागलं की इथला माणूस आधी निवडीवरच घसरतो.

जादा वेळही सरत आला. टीव्हीवर बॉल अजून मधल्या पट्ट्यात होता, काहीच घडत नव्हतं. आणि अचानक खिडकीच्या काचा थरथरल्या. बाहेरून, छपरांवरून, एक गर्जना आली. टीव्हीवरचं चित्र काही सेकंद मागे असतं ना, मैदान मात्र चार गल्ल्यांवर. धाकट्याने डोळे मिटून घेतले. तो म्हणाला, ‘नको.’ आमच्यासमोर बॉल तेव्हा कुठे बॉक्समध्ये येत होता. काय होणार ते आम्हा चौघांना माहीत होतं, फक्त कोण मारणार ते माहीत नव्हतं. टारकोव्स्की! सेंटर बॅकने, मधल्या बचाववाल्याने, असला फटका मारायचा म्हणजे कहर, जाळ्याचं छप्परच उडालं. अठ्ठ्याण्णवावं मिनिट.

मग व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून गोलाची तपासणी. ऑफसाइड होता का, कोनाटेला ढकललं का. खिडकीबाहेर चिडीचूप. इतक्या माणसांची शांतता कधी ऐकली नव्हती. बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या, म्हणजे बाहेरचं काही कानावर पडायला नको. दुसरी गर्जना नळालाही ऐकू गेली असेल. २-२. नंतर मैदानावर डुकुरे आणि कर्टिस जोन्स भिडले, दोघांना लाल कार्ड, तुझ्या मॅनेजर स्लॉटसाहेबांनाही लाल कार्ड. आमच्या सोफ्यावर कुणी कुणाशी बोलत नव्हतं. जाताना धाकट्याने आईच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, ‘तरी लीग आमचीच.’ खरंच ठरलं ते.

तू लिहिलंस की तो गोल फाउल होता. धाकटाही तेच म्हणतो. मग एप्रिलमधली अ‍ॅनफील्डवरची मॅच आठव. टारकोव्स्कीने मॅक अ‍ॅलिस्टरला कापलं, नुसतं पिवळं मिळालं. ते लाल हवं होतं हे रेफ्रींच्या संघटनेनेही मान्य केलं. पण त्याच मॅचमध्ये जोटाच्या गोलाआधी दियास ऑफसाइडला उभा होता की नाही? थोरला मिठाच्या आणि मिरपुडीच्या बाटल्या मांडून ते दाखवतो. धाकटा मिरपूड दोन बोटं मागे सरकवतो. दीड महिना झाला, टेबल अजून आवरलेलं नाही.

आता ट्रेंट, तुमचा उजवा बॅक. तू त्याला गद्दार म्हणालास. मी कॅन्टीनमध्ये जे ऐकते ते सांगते, मग ठरव. अकरा तारखेला आर्सेनलविरुद्ध ब्रॅडलीच्या जागी तो मैदानात उतरला तेव्हा अ‍ॅनफील्डने, त्याच्याच घराने, त्याची हुर्यो उडवली. सोमवारी आमच्याकडे कुणी जेवलं नाही, नुसते भांडले. एक वॉर्डबॉय आहे, पिढीजात लाल. तो म्हणतो, पोरगा सहाव्या वर्षी क्लबात आला, वीस वर्षं दिली, बार्सिलोनाला ४-० हरवलं तेव्हाचा तो कॉर्नर विसरलात? देणं फिटलं, जाऊ द्या. एक्स-रेमधली बाई, तीही लालच, म्हणते की जाण्याचं दुःख नाही, फुकट जाण्याचं आहे. सालाहने नव्या करारावर सही केली, व्हॅन डाइकने केली, यालाच काय झालं? निदान क्लबच्या हाती चार पैसे ठेवून जायचं. तिसरा एक तुझ्यासारखा, की त्याला मुळी डिफेन्स येतच नाही, ब्रॅडली बरा. त्यावर वॉर्डबॉय म्हणाला, ‘तू मॅच टीव्हीवर बघतोस ना?’ कॅन्टीनमध्ये याहून मोठी शिवी मी ऐकली नाही.

त्या शिवीचा अर्थ मला मार्चमध्येच कळला होता. बाईंचा गुडघा सुजला होता, त्यांच्या जागेवर थोरल्याने वेस्ट हॅमच्या मॅचला मला नेलं. लाकडी खुर्च्या, पुढे लोखंडी खांब. बॉल खांबाआड गेला की अख्खी रांग एकदम डावीकडे कलते, मग एकदम उजवीकडे. जाताना बाईंनी बजावलं होतं, ‘बॉल बघू नकोस, बॉल सगळेच बघतात. बॉल डावीकडे असेल तेव्हा उजवा बॅक कुठे उभा आहे ते बघ.’ तेच बघत बसले. टीव्हीवर तो माणूस दिसतच नाही रे! तो पाच पावलं आत येतो, हात करून पुढच्याला मागे बोलावतो, धावायचं सोंग करतो. हे सगळं बॉल त्याच्यापासून पन्नास-साठ मीटर लांब असताना. त्या दिवशी तिथे जेक ओब्रायन होता, मुळात सेंटर बॅक. आधीच्या मॅनेजरने, डाइशने, त्याला लीगमध्ये जवळजवळ हातच लावला नव्हता. जानेवारीत मॉयस आला आणि त्याने त्याला उजवीकडे लावलं. शेजारचा म्हातारा पहिला तासभर ‘हा बॅक नाही, हे कपाट आहे’ म्हणून करवादत होता. एक्क्याण्णवाव्या मिनिटाला कपाटाने हेडरने बरोबरी केली. म्हातारा माझ्या गळ्यात पडून म्हणाला, ‘मी म्हटलं नव्हतं?’ मी निळी झाले ती बहुतेक त्याच क्षणी.

बाईंना ट्रेंटबद्दल विचारलं. मला वाटलं खूश असतील. त्या म्हणाल्या, २००४ मध्ये रूनी मँचेस्टरला गेला, अठरा वर्षांचा होता, आपल्याच भागातलं पोर. पुढे कित्येक वर्षं या घरात त्याचं नाव काढलं नाही. २०१७ ला परत आला तेव्हा याच बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. ‘शिव्या द्यायचा हक्क आपला असतो,’ म्हणाल्या, ‘बाहेरच्याने दिल्या तर मी त्याच्या अंगावर जाईन.’ ते बाहेरचे म्हणजे तू आणि मी, बंड्या. गद्दार म्हणायलासुद्धा आधी गावकीतला असावं लागतं.

आणि काही गोष्टींवर इथे कुणीच गंमत करत नाही, तूही करू नकोस. हिल्सबरोच्या मैदानात चेंगरून गेलेले लिव्हरपूलचे सत्त्याण्णव चाहते ही त्यातली पहिली. १९८९ च्या त्या आठवड्यात स्टॅनली पार्कमधून एका मैदानापासून दुसऱ्यापर्यंत लाल-निळ्या मफलरींची माळ बांधली होती. त्यातली एक बाईंची. हेसेलवर मात्र थोरला बोलतो, पण हळू आवाजात. १९८५ मध्ये तिथल्या मैदानात लिव्हरपूलचे चाहते समोरच्या प्रेक्षकांवर धावून गेले, चेंगराचेंगरीत एकोणचाळीस माणसं गेली, इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी आली, आणि त्याच वर्षी लीग जिंकलेल्या एव्हर्टनला युरोपियन कप खेळताच आला नाही. ‘मेलेल्यांपुढे आमचा कप काय,’ असं तो म्हणतो, आणि मग बराच वेळ गप्प बसतो.

परवाचं सांगायचं राहिलं. रविवारी गुडिसनवर पुरुषांच्या टीमची शेवटची मॅच झाली. एकशेतेहतीस वर्षं झाली त्या मैदानाला. पुढच्या हंगामात टीम नदीकाठी नव्या स्टेडियमला जाणार. बाईंचे वडील गुडिसनमध्येच आहेत, म्हणजे त्यांची रक्षा कडेच्या मातीत पुरलीय. अशी शेकडो माणसं आहेत तिथे. मैदान पाडणार या धास्तीने बाईंना वर्षभर झोप नव्हती. गेल्या आठवड्यात जाहीर झालं की तिथे आता एव्हर्टनच्या मुली खेळणार. बाई म्हणाल्या, ‘बाबांना आवडलं नसतं. पण त्यांना आता विचारतंय कोण.’

धाकट्याने, लाल असून, आईला गाडीतून जेवढं जवळ नेता येईल तेवढं नेलं. बाई थोरल्याबरोबर आत गेल्या. धाकटा आणि मी बिनतिकिटाचे, निळ्या धुरात हजारोंच्या गर्दीत गुडिसन रोडवर उभे. साउदॅम्प्टनविरुद्ध २-०, दोन्ही गोल एन्डिआयेचे, दोन्ही पहिल्या हाफमध्ये. कप्तान सीमस कोलमनला मॉयसने सुरुवातीपासून खेळवलं. २००९ मध्ये फक्त साठ हजार पौंडांत आणलेला हा माणूस, वय छत्तीस, वर्षभर दुखापती. पाव तासाच्या जरा पुढे लंगडत बाहेर आला. बाहेर रस्त्यावर लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, मान म्हणून खेळवायलाच हवं होतं. दुसरा म्हणतो, मान द्यायचा तर फुलं द्या, एक बदली का वाया घालवता? धाकटा या निळ्यांच्या भांडणात घुसून कोलमनची बाजू घेत होता. लाल आहे हे कळलं असतं तर काय झालं असतं देव जाणे.

बाई बाहेर आल्या तेव्हा लोक भिंतींना हात लावून रडत होते. मी त्यांचा हात धरला. काय बोलावं ते सुचेना. त्याच म्हणाल्या, ‘दुसरा हाफ अगदीच मरगळलेला खेळले.’ गाडीपर्यंत तेच चाललं होतं. घरी आल्यावरही.

शर्ट धाकटा आणून देणार आहे, तुझं माप त्याला दिलंय. काल ब्रायटनकडून ३-२ हरल्यामुळे तो जरा उतरलाय, म्हणून आज मागितला नाही. पार्सलमध्ये पुदिन्याच्या पांढऱ्या-काळ्या गोळ्यांची एक पिशवीही सापडेल. मॅचआधी एव्हर्टनची टॉफीवाली मुलगी प्रेक्षकांत उधळते त्याच या गोळ्या. बाईंनी बाबांसाठी दिल्यात. बाबांनी मागे फोनवर विचारलं होतं ना, ‘तुमच्या त्या कपाटाचं काय झालं?’ तेव्हापासून ते त्यांच्या माणसांत धरले जातात. तू एकही खाऊ नकोस, मी बाबांना विचारून खात्री करून घेईन.

तुझी,
ताई