टॉवर स्पीकर घेण्याआधी हॉल मोजा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या दैनिकात होम थिएटरच्या पानभर जाहिराती येऊ लागतात आणि त्यांत वॉटचे आकडे सर्वांत मोठ्या टायपात छापलेले असतात. गेल्या वर्षी अशाच एका जाहिरातीवरून आम्ही साडेतीन फूट उंचीचे टॉवर स्पीकर घेतले. त्यातून जे कळले ते यंदा खरेदीला निघालेल्या पुणेकरांच्या कामी यावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमचे घर कोथरूडमध्ये आहे. हॉल 16 बाय 11 फुटांचा, टीव्ही 11 फुटांच्या भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकवलेला. मुलाला चित्रपट पाहायचे होते आणि मला गाणे ऐकायचे होते, म्हणून दुकानदाराने समोर दोन टॉवर, मध्ये सेंटर, मागे दोन सराउंड आणि फक्त खालच्या स्वरांसाठी एक सबवूफर असा पूर्ण 5.1 संच सुचवला. गालिचा अंथरलेल्या आणि जाड पडदे लावलेल्या त्यांच्या खोलीत तो सुरेख वाजला. घरी पहिल्याच रात्री मी काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) गायलेल्या एका ख्यालाची सीडी लावली, तेव्हा तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली गेली की सगळा हॉल घुमू लागे, त्या घुमण्यात जोडाच्या तारा बुडून जात आणि डग्ग्याची मींड तर ऐकूच येत नसे. तक्रार केल्यावर ‘स्पीकर रुळायला महिना लागतो’ एवढेच उत्तर मिळाले. महिन्याने काहीही बदलले नाही आणि तोवर ते परत घ्यायलाही दुकान तयार नव्हते.

दोष स्पीकरचा नव्हता, हे मला फार उशिरा समजले. काळी एकचा मध्य सप्तकातला षड्ज सुमारे 139 हर्ट्‌झचा असतो, म्हणजे त्याचा खर्ज (एक सप्तक खालचा षड्ज) 69 हर्ट्‌झच्या आसपास येतो. या आवाजाची एक लाट हवेत साधारण 16 फूट लांब असते आणि आमच्या हॉलची लांबीही तेवढीच असल्याने नेमका तोच स्वर दोन भिंतींमध्ये अडकून फुगत होता. असा फुगलेला आवाज भिंतीलगत सर्वांत जास्त असतो आणि आमचा सोफा भिंतीलगतच होता. सोफा दोन फूट पुढे ओढला आणि स्पीकरच्या मागच्या पोर्टमध्ये, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या भोकात, फोमचा बोळा बसवला, तेव्हा कुठे तंबोऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात बसून ज्यांनी तंबोरे लागताना ऐकले आहेत, त्यांना हा फरक सांगावा लागणार नाही.

याचा अर्थ टॉवर स्पीकर वाईट, असा नाही. मोठा दिवाणखाना असेल, स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ठेवता येणार असतील आणि सबवूफरशिवाय नुसत्या दोन स्पीकरवर संगीत ऐकायचे असेल, तर मी आजही टॉवरच घ्या म्हणेन, कारण त्यांच्या भरीव आवाजाची सर लहान पेटीला येत नाही. पण आपल्या सोसायट्यांमधल्या हॉलचे गणित वेगळे आहे. समोरचे दोन स्पीकर ऐकणाऱ्याच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना 22 ते 30 अंशांवर असावेत, अशी डॉल्बीची शिफारस आहे. बैठक 12 फुटांवर असेल, तर त्यासाठी दोन स्पीकरमध्ये किमान नऊ फूट अंतर लागते. 11 फुटांच्या भिंतीवर मग प्रत्येक बाजूला जेमतेम एक फूट उरतो, म्हणजे स्पीकर कोपऱ्यात जातात आणि कोपरा खालच्या स्वरांना आणखी फुगवतो. त्यात एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला बाल्कनीचे दार असले, की डावा आणि उजवा आवाजही सारखा राहत नाही.

दुसरी गोष्ट खर्चाची. संचात सबवूफर असला, की रिसीव्हरवर, म्हणजे सर्व स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या अँप्लिफायरवर, बहुधा 80 हर्ट्‌झची सीमा ठेवली जाते आणि त्याखालचा बहुतेक आवाज सबवूफरकडे वळतो. टॉवरची उंच पेटी आणि जादा वूफर ज्या खालच्या स्वरांसाठी असतात, ते काम मग त्यांच्याकडे फारसे उरतच नाही. अशा हॉलसाठी स्टँडवर ठेवलेले चांगले बुकशेल्फ, म्हणजे लहान पेटीचे, स्पीकर घ्यावेत आणि वाचलेले पैसे सेंटर स्पीकरवर घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण चित्रपटातले बहुतेक संवाद सेंटरमधूनच येतात. तो समोरच्या जोडीच्याच मालिकेतला असावा, नाहीतर पात्र पडद्यावर डावीकडून उजवीकडे गेले की त्याचा आवाज बदलल्यासारखा वाटतो. आम्ही टॉवरवर पैसे ओतले आणि सेंटर स्वस्तातला घेतला. त्यामुळे आजही संवाद कळावेत म्हणून माझे यजमान रिमोट हातात धरून बसतात.

वॉटच्या आकड्यांबद्दलही लिहायला हवे. स्पीकर किती मोठा वाजेल हे वॉटपेक्षा त्याच्या सेन्सिटिव्हिटीवर, म्हणजे ठरावीक ताकद दिल्यावर तो किती डेसिबल वाजतो यावर, जास्त अवलंबून असते. 85 डेसिबलचा स्पीकर 88 डेसिबलच्या स्पीकरइतका वाजवायला अँप्लिफायरला दुप्पट ताकद लावावी लागते. त्यातही हे मापन बहुधा 2.83 व्होल्टवर केलेले असते आणि तेवढ्या व्होल्टला आठ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) स्पीकर एक वॉट घेतो, तर चार ओहमचा दोन. म्हणून ओहम न पाहता नुसते डेसिबल पाहिले तरी फसगत होऊ शकते. जाहिरातीत हे दोन्ही आकडे मला अजून दिसलेले नाहीत.

रात्री 10 नंतर निवासी भागात आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, पण खालचे स्वर स्लॅबमधून उतरतात आणि खालच्या मजल्यावरच्या आजारी माणसाला त्यांचा त्रास मर्यादेच्या आतही होतो. टॉवरच्या पायांखाली जाड रबरी पॅड घातल्यावर आमच्या खालच्या काकूंनी थोडे बरे वाटते असे सांगितले.

बुधवार पेठेपासून उपनगरांपर्यंत शहरात स्पीकर विकणारी पुष्कळ दुकाने आहेत. त्यांच्या मालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की अनामत रक्कम ठेवून घेऊन निदान एका रात्रीपुरता समोरचा जोड ग्राहकाच्या घरी वाजवून पाहू द्यावा आणि जाहिरातीत वॉटच्या शेजारी सेन्सिटिव्हिटी आणि ओहम छापावेत. आपल्या खरेदी पुरवणीतही हॉलचे माप आणि स्पीकरची निवड यांवर एखाद्या ध्वनितज्ज्ञाकडून दिवाळीपूर्वी लेख लिहवून घेतलात, तर आमच्यासारख्या अनेक वाचकांची सोय होईल.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे