आईची उधारीची वही आणि माझं पुस्तक

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी नुसतं 'बरं' म्हणून फोन तुझ्या हातात दिला असता आणि तू रात्रभर जागली असतीस, म्हणून लिहिते आहे. मी वर्षभराची बिनपगारी रजा घेतली आहे. नोकरी सोडलेली नाही, जागा माझीच राहणार. मंजुरीचं पत्र कपाटात आहे. घराचा हप्ता फिटलाय, पोरीची फी भरून झाली आहे. तुमचे पैसे दर महिन्याला येतात तसेच येतील, ते आधीच बाजूला काढलेत. त्यात काटकसर करायची नाही. आणि आई, सिलिंडर पुरवायचा म्हणून अंघोळीचं पाणी चुलीवर तापवत बसू नकोस.

रजा पुस्तकासाठी आहे. लालबाग-परळच्या खाणावळी आणि त्या चालवणाऱ्या बायका. गिरणी संपाबद्दल वाचायला पुष्कळ मिळतं: १८ जानेवारी १९८२, पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, कधीच रीतसर मागे न घेतलेला संप. पण बायकापोरं गावी ठेवून आलेली माणसं कुणाच्या हातचं जेवत होती, पगार थांबल्यावर त्यांना उधारीवर कुणी वाढलं, हे मला हवं तेवढं कुठे सापडलं नाही. तुझ्यासारख्या बायका अजून आहेत तोवर हे विचारून घ्यायला हवं. निवृत्त झाल्यावर लिही, असं बाबा म्हणतील. तेव्हा मी कुणाला विचारू?

गिरण्यांची गोष्ट १८५४ सालापासून, मुंबईतली पहिली कापड गिरणी काढणाऱ्या कावसजी दावरांपासून सांगायची रीत आहे. मी तिथून सुरुवात केली नाही. पहाटेचे चार वाजलेत, स्टोव्ह पेटलाय आणि तू पहिल्या पाळीचे डबे भरते आहेस, तिथून केली. रोज उजाडायच्या आत लिहायला बसते, हातानेच, वहीत. दुपारी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाते. जेवण वेळेवर होतं, काळजी नको. छापणार कोण, हे आत्ताच विचारू नका.

लिहिताना काय काय आठवतं! भोंगा झाला की मी जिन्यात येऊन बसायचे, बाबांच्या केसांतला कापूस वेचायला. साचेखात्यातून आल्यावर तुम्हाला मोठ्याने बोलायची सवय असायची, आणि आई म्हणायची, अहो, इथे यंत्रं नाहीत. खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते मी पुस्तकात वाचलं. पण बँकेच्या कागदावर सही करून तू घरी आलीस तेव्हाचा तुझा चेहरा मला पाठ आहे. सावकाराचं व्याज थांबलं, हे तेव्हा मला कुठे कळत होतं?

पाटल्यांचं तुला विचारल्याशिवाय एक ओळ लिहिणार नाही. बाबा, तुम्ही गावी गेलात त्या दोन वर्षांबद्दलही तसंच. तुम्ही सांगाल तेवढंच. नको म्हणालात तर नाही. तुम्ही हरलात असं मी कधी मानलं नाही, आणि पुस्तकातही तसं कुठे येणार नाही. ज्यांची उधारी राहून गेली त्यांची नावं छापणार नाही, त्यांच्या मुलाबाळांना खाली बघावं लागू नये. तुलाही तेच वाटत असणार.

आता ऐका. बाबा, मोतीबिंदू दिवाळीपर्यंत लांबवायचा नाही. दादाशी बोलले आहे, तो रत्नागिरीला घेऊन जाईल, तेव्हा निमूट जायचं. ओल्या पायरीवर काठीशिवाय उतरायचं नाही. आई, बीपीची गोळी अर्धी करून खाऊ नकोस, मला वहिनीने सांगितलंय.

मी गणपतीला थोडी आधीच येईन. तुझ्या वहीच्या पानांचे फोटो माझ्याकडे आहेत, पण त्यात नुसतं 'पाटणचा', 'मालवणचा थोरला', 'बदलीवाला' असं लिहिलंय. पूर्ण नावं, कुठल्या गिरणीत होते, पुढे कुठे गेले, हे तुलाच माहीत. आठवेल तसं वहिनीला सांग, ती मोबाईलवर पाठवेल. एका दिवशी दोन-तीनच सांग, दमशील.

तुमची,
बेबी