ॲप दिले, पण खोली कुठे आहे?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विद्यार्थ्यांना व्हिडिओ कॉलवर डॉक्टर मिळू लागले, हे चांगलेच झाले. पण ॲप देऊन टाकले की महाविद्यालये मोकळी होतात. भेट असते दहा-पंधरा मिनिटांची. त्यातली निम्मी 'आवाज येतोय का?' आणि 'ताप किती?' 'अंग गरम लागतंय' यातच जातात. डॉक्टरांचा हात नाडीपर्यंत पोचत नसल्याने ते काम रुग्णाकडे येते, आणि रुग्णाला ते कोणी शिकवलेले नसते.

तोंडात थर्मामीटर लावायचा तर गरम किंवा गार पेय प्यायल्यावर वीस मिनिटे थांबावे. पाच मिनिटे शांत बसून मग नाडीचे ठोके पूर्ण मिनिटभर मोजावेत. श्वास मात्र मित्राने न सांगता मोजावेत. आपण मोजू लागलो की लय बदलते. ऑक्सिमीटर नेलपॉलिशवर किंवा गार बोटावर चुकीचा आकडा दाखवतो. पुरळाचे फोटो दिवसाच्या उजेडात, एक लांबून, एक जवळून, शेजारी नाणे ठेवून काढावेत. आणि फोनमधला 'ब्युटी' फिल्टर आधी बंद करावा, तो नेमके डॉक्टरांना बघायचे असते तेच पुसून टाकतो! चालू असलेली सगळी औषधे सांगावीत, झोपेच्या आणि गर्भनिरोधक गोळ्याही.

मुरुमे, ॲलर्जीची सर्दी, रिपोर्ट दाखवणे, समुपदेशन यांना हा मार्ग उत्तम. घसादुखीत मात्र घाई नडते. बहुतेक वेळा कारण विषाणूच असतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. या वयात आढळणाऱ्या ग्रंथीज्वरात (घसा दुखून मानेतल्या गाठी सुजवणारा विषाणूचा ताप) ॲमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिन गटातले अँटिबायोटिक दिले तर अनेकांच्या अंगभर पुरळ उठते आणि 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असा शिक्का विनाकारण कायमचा बसतो. शंका असेल तर घशाचा स्वॅब तपासावा, कॅमेऱ्यातून दिसणारा लालसरपणा पुरेसा नाही.

काही तक्रारींत कॉल लावत बसूच नये. बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेली पोटदुखी, तापासोबत आखडलेली मान, काचेचा पेला दाबूनही न मावळणारे पुरळ, छातीत दुखणे, धाप: थेट रुग्णालय. मुलांच्या वृषणात अचानक कळ आली तर लाज बाजूला ठेवावी. पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया व्हावी लागते. उशीर झाला की वृषण वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते.

सगळ्यात मोठी अडचण एकांताची. हेडफोनने डॉक्टरांचा आवाज झाकला जातो, आपला नाही. खोलीत तिघे असताना निराशेबद्दल किंवा गर्भधारणेच्या भीतीबद्दल कोण बोलणार? डॉक्टरांनी 'हो-नाही'त उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत, किंवा लिहून उत्तर द्यायला सांगावे. सुरुवातीलाच विद्यार्थी कुठे बसला आहे तो पत्ता आणि दुसरा फोन नंबरही घ्यावा. मध्येच तो बेशुद्ध पडला किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागला, तर मदत पाठवायची कुठे?

महाविद्यालयांनी दार बंद होणारी एक खोली द्यावी. तिथे समोरून पडणारा उजेड, भक्कम इंटरनेट, थर्मामीटर, रक्तदाबाचे यंत्र आणि वजनकाटा असावा. किल्ली मागताना कारण विचारले जाऊ नये, आणि कॉलची नोंद प्राचार्यांच्या टेबलावर जाणार नाही, हे दारावर लिहून लावावे.

आपला,
एक डॉक्टर