चिमणीचं पालुपद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या विद्यार्थ्यांसाठीच्या पानावर ‘साहित्यातील व चित्रपटातील प्रतीके’ असा दोन रकान्यांचा तक्ता आला होता. डावीकडे वस्तू, उजवीकडे अर्थ. पाऊस म्हणजे विरह, दार म्हणजे संधी, चिमणी म्हणजे निरागसता. तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली मी बाई, त्यामुळे हा तक्ता कापून वहीत चिकटवणारी मुलं मला डोळ्यांपुढे दिसली. एका गुणाच्या प्रश्नाला तो पुरेलही. पण कलाकृतीत तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा का येते, हे त्यातून मुळीच कळणार नाही. म्हणून हे पत्र.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, पालुपद. कुणी तेच तेच बोलू लागलं की आपण वैतागून म्हणतो, ‘काय ते एकच पालुपद!’ पण कीर्तनात बसलेल्याला ठाऊक असतं, की प्रत्येक चरणानंतर ध्रुपदाची तीच ओळ परतते तेव्हा ती पहिल्यासारखी राहिलेली नसते. मधला चरण तिच्यात काहीतरी मिसळून गेलेला असतो. शब्द तेच असतात आणि ऐकणारा थोडा पुढे सरकलेला असतो.

तक्त्यातली चिमणीच घेते. तिची आपली पहिली भेट गोष्टीत होते. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. पावसात शेणाचं घर वाहून जातं आणि भिजलेला कावळा दार ठोठावतो, ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ आतून उत्तर येतं, ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.’ मग ‘थांब, बाळाला तीट लावते.’ मग ‘थांब, बाळाला झोपवते.’ सांगणाऱ्याला ही लांबण आवडते, कारण तेवढ्यात ऐकणाऱ्या पोराला चार घास जास्त जातात. मी शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी एका मुलानं विचारलं होतं, ‘बाई, पण तोवर कावळा भिजतच राहिला का?’ मला उत्तर देता आलं नाही. निरागस चिऊताईच्या हातात दाराची कडी आहे, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग बालकवींची ‘चिमणीचा घरटा’ येते. इथे पारडं फिरलेलं आहे. आता घर गेलंय ते चिमणीचं, आणि ती दारोदार विचारत फिरते, कावळ्याला, कपिला गाईला, कोंबडीला. सगळे हात झटकतात. शेवटी पोपट भेटतो.

‘चिमणीला मग पोपट बोले,
का गे तुझे डोळे ओले?’

विचारपूस करणारा हा एकटाच, आणि तो देऊ काय करतो, तर पिंजरा! चिमणी तो धुडकावते. ‘राहीन मी घरट्याविना’ म्हणत रानात उडून जाते. बालकवी 1918 साली वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेले. लहान मुलांसाठी लिहिलेल्या या कवितेत त्यांनी बेघर होणं आणि पिंजऱ्यात आसरा घेणं यांतली निवड एका चिमणीपुढे ठेवली आहे. आम्ही ती टाळ्या वाजवत चालीवर म्हणून घेत असू.

हीच चिमणी 1967 साली रंगभूमीवर आली. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. अरविंद देशपांडे यांनी बसवलेल्या या नाटकात लीला बेणारे होत्या सुलभा देशपांडे. प्रयोगासाठी गावात आलेली हौशी मंडळी वेळ घालवायला खोटा खटला चालवतात, बेणारेला आरोपी करतात, आणि खेळता खेळता तिच्या खऱ्या आयुष्याची चिरफाड करतात. हे सगळ्यांना माहीत आहे. मला बोलायचंय ते दोन बारक्या गोष्टींबद्दल.

पहिली, दाराची कडी. नाटक सुरू होताच तिच्यात बेणारेचं बोट सापडतं. किरकोळ दुखापत, चार हलकेफुलके संवाद, प्रेक्षक विसरतोही. पुढे ती खरोखर निघून जायला दाराकडे धावते आणि दार उघडत नाही. आधीचं ते बोट नसतं, तर हे बंद दार नाटककाराची सोय वाटलं असतं. आता ते इशारा देऊन ठेवल्यासारखं वाटतं. तक्त्यात दार म्हणजे संधी, नाही का?

दुसरी, ते गाणं. सगळं संपल्यावर बेणारे निश्चल पडलेली आहे, आणि तिच्याच आवाजात कुठून तरी ‘चिमणीला मग पोपट बोले’ ऐकू येतं. गावातल्या साध्याभोळ्या सामंतनं पुतण्यासाठी हिरवा कापडी पोपट आणलेला असतो. तो पोपट तो हळूच तिच्याजवळ ठेवून जातो. एवढ्या माणसांत माणुसकीनं वागणारा तोच एक, म्हणून आपल्याला गहिवरून येतं. पण कविता पाठ असलेल्या मराठी प्रेक्षकाला पोपटाचा पुढचा प्रस्तावही ठाऊक आहे. आणि चिमणीचं उत्तरही. रंगमंचावरची बाई ते उत्तर देत नाही, ती उठतसुद्धा नाही. आधी हात झटकणारे कावळा, गाय, कोंबडी कोण, हे मागच्या अंकांत साक्षीदार म्हणून एकेक जण येऊन गेल्यावर निराळं सांगावं लागत नाही. तेंडुलकरांच्या मनात हे सगळं असेलच, असा माझा दावा नाही. गाण्याची निवड मात्र उगाच झालेली नाही, एवढं मी पैजेवर सांगेन. याच लेखकाच्या आधीच्या एका नाटकाचं नावच ‘चिमणीचं घर होतं मेणाचं’ असं आहे.

आणि मग 2013 सालचा नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा चित्रपट. चिमणी काळी झाली. तिची राख अंगावर टाकली की माणूस वश होतो, असं जब्या या दलित पोरानं ऐकलंय, म्हणून वर्गातल्या आवडत्या शालूसाठी तो गलोल घेऊन चिमणीमागे माळरान तुडवतो. चिऊकाऊच्या गोष्टीत काळा होता तो दाराबाहेरचा. इथे तोच रंग चिमणीवर चढलाय, आणि तिच्यामागे धावणारा पोरगा गावाच्या दाराबाहेरचा आहे. चिमणी हाती लागत नाही, गलोलीतला दगड मात्र आपण विसरत नाही. सुरुवातीला पाखरावर रोखलेला हा दगड शेवटी थेट आपल्या तोंडावर येतो. आंबेडकर, गाडगेबाबा यांची चित्रं असलेल्या भिंतीपुढून डुक्कर वाहून नेतानाच्या दृश्यावर फार लिहिलं गेलं, आणि ते दृश्य विलक्षण आहेच. पण ती भिंत एकदाच आपलं म्हणणं सांगून जाते. दगड हे खरं पालुपद. सिनेमाभर तो हातात आहे म्हणून शेवटी लागतो.

आता या चारही ठिकाणी ‘चिमणी म्हणजे निरागसता’ लावून बघा. एकीच्या हातात कडी, एकीचं घरटं गेलेलं, एक कोंडलेली, आणि एक शिकार! बदलत नाही तो फक्त प्रश्न: घर कुणाचं आणि दाराबाहेर कोण?

तक्ता छापूच नका, असं माझं म्हणणं नाही. परीक्षा तोंडावर आहेत, मुलांना आधार लागतो, हे मला कळतं. पण पुढच्या वेळी त्यात तिसरा रकाना घाला आणि तो कोरा सोडा. वर लिहा, ‘मागच्या वेळेपेक्षा काय बदललं?’ माझ्या वर्गातल्या त्या मुलानं तो रकाना पहिल्याच दिवशी भरला असता.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, सांगली