सूचना: बॅकअप रेग्युलेटर चेक केल्याशिवाय गुहेत कुणीही जायचं नाही

मंडळी, तुलुमच्या (मेक्सिको) सेनोटेमध्ये, म्हणजे पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये, डायव्हिंगसाठी उतरणाऱ्या सगळ्यांसाठी. बॅकअप रेग्युलेटर (सिलेंडरमधून श्वास घ्यायचं राखीव तोंड) गळ्यात आहे म्हणजे झालं असं नाही, पाण्यात शिरल्याबरोबर प्रत्येकाने पार्टनरसमोर त्यातून चार-पाच श्वास घेऊन दाखवायचे, आणि त्याचं इलॅस्टिक सैल पडलं असेल तर आजच बदला कारण तो बरोबर हनुवटीखालीच सापडला पाहिजे, गाळ उठला की हातसुद्धा दिसत नाही.

डबल सिलेंडरवाल्यांनी लाँग होज (पार्टनरला हवा द्यायची लांब नळी) 7 फुटीच आणा. अरुंद जागेत दोघं शेजारी मावत नाहीत, एकामागे एक बाहेर यावं लागतं, म्हणून एवढा लांब. तो पूर्ण सोडून दाखवा, लाइटच्या वायरीत अडकतोय का ते बघू.

हवेचा नियम तोच, एक तृतीयांश जायला, एक यायला, एक राखीव. सिलेंडरमध्ये 210 बार दाबाने सुरुवात केली तर 140 ला मागे फिरायचं, आणि कुणा एकाची लिमिट आली की अख्खी टीम मागे फिरणार, "अजून थोडंच पुढे" प्लीज नको. राखीव हवा पार्टनरची हवा गेली तर दोघांना बाहेर काढायला आहे, फोटोसाठी नाही.

साइडमाउंटवाल्यांनो (सिलेंडर पाठीऐवजी दोन्ही बाजूंना लावणाऱ्यांनो), दोन्ही सिलेंडर आलटून पालटून वापरा. ज्याचा रेग्युलेटर जरा जरी फुसफुसतोय त्याने आज रात्रीच सांगा, स्पेअर आहे.